मुलांना नवे शब्द शिकवताना: पालकांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

दुसरीच्या वर्गावरचं माझं पहिलं वर्ष. दर सोमवारी फळ्यावर दहा नवे शब्द, समोर त्यांचे अर्थ. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचे आणि शुक्रवारी दहा गुणांची चाचणी द्यायची. बहुतेकांना आठ-नऊ गुण पडायचे आणि मला वाटायचं, छान चाललंय. मग एकदा मी ‘निर्जन’ हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. अर्थ दिला होता ‘रिकामं, ओसाड’. एका मुलाने लिहिलं, ‘सुट्टीत माझं दप्तर निर्जन असतं.’ एका मुलीने लिहिलं, ‘आज आमचा मधला बाक निर्जन होता.’

मुलांनी मी दिलेला अर्थ अगदी प्रामाणिकपणे वापरला होता. चूक माझी होती. पुढे वाचनात आलं की जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली हेच दाखवून दिलं होतं. शब्दकोशातला अर्थ वाचून मुलांनी वाक्यं केली, तेव्हा ती अशीच वेडीवाकडी झाली. ‘झीज होणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापुढे कोशात जे शब्द होते, त्यांतल्या एकाचा ‘बाहेर जेवायला जाणे’ असाही अर्थ होतो. मुलाने लिहिलं, आमचं कुटुंब खूपदा झिजतं.

त्यानंतर घरी माझी मुलगी बोलायला लागली आणि शब्द कसा येतो हे मला रोज डोळ्यांसमोर दिसायला लागलं. वर्गात पाठांतर करून न टिकणारे शब्द घरी कोणी न शिकवता टिकत होते. असं का होतं हे समजून घेत घेत मी माझी पद्धत बदलली. घरात वर्ष-दीड वर्षाचं मूल असेल किंवा तुम्ही पहिल्यांदाच प्राथमिक वर्गावर उभे राहत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पायऱ्या १ ते ५ मुख्यतः लहान मुलांसाठी आणि ६ ते ९ शाळकरी मुलांसाठी आहेत. शेवटच्या तीन सगळ्यांनीच वाचाव्यात.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- एक छोटी वही. मुलाने कोणता शब्द कधी, कशासाठी वापरला ते तारखेसह लिहायला.
- पाच-सहा चित्रपुस्तकं. फार नकोत, कारण पायरी ५ मध्ये येईल.
- शब्दकोश. हा तुमच्यासाठी आहे, मुलाच्या हातात द्यायचा नाही.
- शाळकरी मुलं असतील तर एक रिकामा डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या.
- मुलाच्या जन्मानंतर ऐकण्याची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल. तो शोधून एका जागी ठेवा. का, ते शेवटी सांगते.

१. एका शब्दामागे मुलाला किती अंदाज बांधावे लागतात ते बघा

विलार्ड क्वाइन या तत्त्वज्ञाने १९६० साली एक कोडं मांडलं होतं. तुम्ही अनोळखी भाषेच्या मुलखात आहात. समोरून एक ससा पळत जातो आणि तिथला माणूस म्हणतो, ‘गावागाई’. आता गावागाई म्हणजे काय? ससा? सशाचे कान? पळणं? पांढरा रंग? की ‘ते बघ’? मुलाच्या वाट्याला हे कोडं रोज कितीतरी वेळा येतं आणि ते सोडवायला त्याच्याजवळ दुसरी कोणतीही भाषा नसते.

तरीही ते सोडवतं, कारण काही अंदाज ते आपले आपण बांधतं. पहिला अंदाज असा की नवा शब्द हा पूर्ण वस्तूचं नाव आहे. दुसरा असा की एका वस्तूला एकच नाव असतं. त्यामुळे समोर एक ओळखीची आणि एक अनोळखी वस्तू असेल आणि तुम्ही नवा शब्द म्हणालात, तर मूल बहुधा अनोळखी वस्तूकडे हात नेतं. एलन मार्कमन या संशोधिकेने १९८० च्या दशकात हे बारकाईने अभ्यासलं.

आपल्या कामाची गोष्ट अशी की यातून एक सापळा तयार होतो. मुलाला ‘बूट’ हा शब्द येत नसताना तुम्ही बुटाच्या नाडीला हात लावून ‘नाडी’ म्हणालात, तर त्याच्या लेखी अख्ख्या बुटाचं नाव नाडी! म्हणून आधी पूर्ण वस्तूचं नाव सांगा, मग भागाचं: ‘हा बूट. ही बुटाची नाडी.’ षष्ठीचं ते ‘बुटाची’ इथे मोठं काम करतं, ते गाळू नका.

आणि घाई नको. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांनी १९७८ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. दोन ट्रे होते, एक ओळखीच्या रंगाचा आणि एक शेवाळी. मुलाला सहज सांगायचं, ‘तो क्रोमियम ट्रे आण बरं, लाल नको, क्रोमियम.’ मुलांनी हा शब्द रंगासाठी कधी ऐकलेला नव्हता, पण बहुतेकांनी बरोबर ट्रे आणला. काही आठवड्यांनीही काही जणांना हा शब्द रंगाचा आहे एवढं लक्षात होतं. नेमका कोणता रंग, हे मात्र पक्कं झालेलं नव्हतं. शब्दाची पहिली पुसट खूण एका क्षणात उमटते, पण तिचा नीट अर्थ व्हायला महिने लागतात. आज सांगितलेला शब्द उद्या ‘म्हणून दाखव’ म्हणू नका.

२. मुलाची नजर कुठे आहे ते बघा आणि मग बोला

या लेखातली एकच पायरी पाळायची असेल, तर ही पाळा.

माझी मुलगी चौदा महिन्यांची होती. मी तिला खिडकीशी घेऊन बसले होते. बाहेर तारेवर एक पक्षी होता. मी म्हणत होते, ‘ते बघ, पक्षी! पक्षी बघ!’ तिची हनुवटी धरून मी तिचा चेहराही तिकडे वळवला. ती पुन्हा पुन्हा खाली बघत होती. शेजारी माझी पिशवी होती आणि तिच्या चेनचा छोटा धातूचा तुकडा तिने दोन बोटांत धरला होता. चौथ्यांदा तिने मान सोडवून घेतली, तेव्हा मी पक्षी सोडला. म्हटलं, ‘चेन. ही चेन.’ तिने ओढली. ‘उघडली चेन.’ तिने उलटी ओढायचा प्रयत्न केला, मी मदत केली. ‘बंद झाली चेन.’ असं आम्ही दहा मिनिटं करत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवीपाशी रांगत गेली, तुकडा धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘चे.’ पक्षी हा शब्द तिच्या तोंडी यायला त्यानंतर चार महिने गेले. वहीत दोन्ही तारखा आहेत.

मायकल टोमासेलो आणि जेफ्री फरार यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं. मूल आधीपासून ज्याकडे बघतंय त्याचं नाव सांगितलं, तर शब्द जास्त चांगला शिकला जातो. लक्ष दुसरीकडे ओढून सांगितलेल्या शब्दाला तेवढी पकड मिळत नाही. मुलाचं लक्ष ओढून आणण्यातच त्याची निम्मी शक्ती जाते, मग शब्दासाठी काय उरणार?

साधारण दीड वर्षाचं झालं की मूल उलट तुमची नजर तपासायला लागतं. तुम्ही नवा शब्द म्हणालात की ते आधी तुमच्या डोळ्यांकडे बघतं आणि तुम्ही कशाकडे बघताय ते शोधतं. म्हणून मोबाइलमध्ये बघत ‘हो, हो, तो चेंडू’ म्हणू नका. तुमची नजर ही मुलासाठी बोट दाखवण्यासारखी असते.

३. शब्द वाक्यात द्या आणि क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या

आपण मोठी माणसं नामांवर फार वेळ घालवतो. हे काय, ते काय, याचं नाव सांग. क्रियापदं मात्र मुलांनी आपोआप उचलावीत अशी आपली अपेक्षा असते. खरं तर क्रियापद अवघड असतं. चेंडू हातात राहतो, ‘फेकणं’ क्षणात संपून जातं.

यावर एक साधा उपाय आहे. क्रिया घडायच्या जरा आधी शब्द म्हणा. ‘आता आपण पाणी ओतू या’ म्हणा, थांबा, आणि मग ओता. लहान मुलांना क्रिया चालू असताना सांगितलेल्या शब्दापेक्षा ती घडायच्या आधी सांगितलेला शब्द जास्त उपयोगी पडतो, हेही टोमासेलोंच्या अभ्यासातून पुढे आलं.

वाक्याचा साचाही मुलाला अर्थ सांगत असतो. रॉजर ब्राउन यांनी १९५७ मध्ये मुलांना एकच चित्र दाखवलं: हात, एक भांडं आणि त्यात कसलासा पदार्थ. त्याबरोबर एक बनावट शब्द वापरला. तो क्रियापदासारखा वापरला की मुलं हातांच्या हालचालीकडे वळायची आणि वस्तूच्या नावासारखा वापरला की भांड्याकडे. मराठीत तर हे संकेत अधिकच ठळक आहेत. ‘मोठा डबा, मोठी वाटी, मोठं भांडं’ असं ऐकताना मूल शब्दाबरोबर त्याचं लिंगही उचलतं. सुटा शब्द म्हणत राहिलात तर हा सगळा आधार निघून जातो.

आता मराठीच्या एका श्रीमंतीबद्दल. काच आपण फोडतो, कागद फाडतो, काडी मोडतो, फूल तोडतो, शिवण उसवतो. मुलं सुरुवातीला सगळ्यालाच ‘तुटलं’ म्हणतात: कागद तुटला, काच तुटली. आणि थकलेली मोठी माणसंही तसंच म्हणायला लागतात. तसं करू नका. माझ्या मुलीने ‘आई, कागद तुटला’ म्हटलं की मी म्हणायचे, ‘अगं हो, फाटला कागद. कसा फाटला?’ ती म्हणायची, ‘असा टर्रकन.’ तीन वर्षांची होईपर्यंत फाटणं आणि फुटणं तिने वेगळं केलं होतं. मोडणं आणि तुटणं यांचा घोळ साडेचारपर्यंत चालला. ‘घालणे’चंही तेच आहे. डब्यात घाल, पायात घाल, पाण्यात घाल, सगळीकडे घाल. त्याऐवजी जिथे जमेल तिथे ठेव, चढव, बुडव, ओत, अडकव, खोच. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, फक्त आपण आळस सोडावा लागतो.

४. चुकला तर ‘चूक’ म्हणू नका, बरोबर वाक्य परत म्हणा

एखादं मूल गाय, घोडा, मांजर सगळ्यांना ‘भू भू’ म्हणतं. यात कच्चेपणा काहीच नाही. त्याच्याजवळ एकच शब्द आहे आणि त्याला बरंच काही सांगायचंय. ‘नाही, भू भू नाही’ एवढ्याने त्याला काही मिळत नाही. ‘हो, त्यालाही चार पाय आहेत. घोडा आहे तो. बघ, केवढे लांब केस मानेवर’ असं म्हटलंत तर नवं नाव मिळतं आणि फरक कशात आहे तेही कळतं.

‘मी करलं’ म्हणणाऱ्या मुलालाही हसू नका. ‘बसलं, धरलं, भरलं’ यावरून त्याने नियम काढला आणि ‘कर’ला लावला. असं रूप त्याने कोणाच्या तोंडून ऐकलेलंही नसेल, म्हणजे ते त्याने स्वतः घडवलंय. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये बनावट शब्द देऊन दाखवलं की मुलं अशी रूपं नियमाने तयार करतात. तुम्ही फक्त म्हणा, ‘तू केलंस? एकट्याने केलंस?’ ‘केलं’ त्याच्या कानावर पडत राहिलं की ‘करलं’ आपोआप गळून पडतं.

सापळा: पाहुण्यांसमोर मुलाला बोबडं किंवा चुकीचं बोलायला लावून हसणं. मुलाला ते कळतं. काही मुलं त्यानंतर लोकांसमोर तोंडच उघडत नाहीत.

५. तेच पुस्तक पुन्हा वाचा

रोज नवं पुस्तक आणलं की शब्द जास्त येतील असं मलाही वाटायचं. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात उलटं दिसलं. नवे शब्द दोन्ही गटांनी सारख्याच वेळा ऐकले होते, पण ज्यांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली त्यांना ते जास्त आले. गोष्ट ओळखीची झाली की मुलाचं लक्ष मोकळं होतं आणि ते शब्दाकडे जातं.

माझी रीत अशी आहे. पहिल्या वाचनात काही समजावत बसत नाही, गोष्ट पूर्ण होऊ देते. दुसऱ्या वाचनात दोन-तीन शब्दांपाशी किंचित रेंगाळते: ‘दबकत दबकत गेला, म्हणजे असा,’ आणि बोटांनी चालून दाखवते. तिसऱ्या-चौथ्या वाचनात वाक्य अर्धं सोडते आणि मूल ते पूर्ण करतं. त्यानंतर प्रश्न, आणि तेही हो-नाहीत न संपणारे: ‘तो का बरं दबकत गेला असेल?’ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये अशा संवादी वाचनाचा फायदा दाखवला. एकट्याने वाचून दाखवण्यापेक्षा मुलाला हळूहळू सांगणाऱ्याच्या जागी बसवणं, हा त्याचा गाभा आहे.

पुस्तकांना पर्याय नाही, यामागेही कारण आहे. रोजच्या बोलण्यात आपण तेच ते शब्द वापरतो. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अ‍ॅरन्स यांनी १९८८ मध्ये मोजलं, तेव्हा इंग्रजीतल्या मुलांच्या पुस्तकांत शिकलेल्या प्रौढांच्या आपसांतल्या गप्पांपेक्षा दुर्मीळ शब्दांचं प्रमाण जास्त निघालं. ‘दबकत’, ‘लगबग’, ‘हिरमुसला’ हे शब्द आपण दिवसभरात किती वेळा उच्चारतो?

सापळा: प्रत्येक शब्दापाशी थांबणं. एका पानावर पाच वेळा थांबलात तर गोष्ट मरते आणि मूल उठून जातं.

६. शाळकरी मुलांसाठी शब्द निवडा, सगळे शिकवायला जाऊ नका

इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककिऑन यांनी शब्दांचे तीन थर केले आहेत आणि निवडताना मला त्यांचा रोज उपयोग होतो. पहिल्या थरात ‘घर, पळणे, पाणी’ असे बोलताना आपोआप येणारे शब्द. तिसऱ्या थरात ‘प्रकाशसंश्लेषण, छेद, अक्षांश’ असे एकेका विषयाचे शब्द, ते तो पाठ येईल तेव्हाच शिकवावेत. मधल्या थरात ‘टाळणे, सावध, चिकाटी, तुलना, परिणाम, ओशाळणे, अंदाज, तात्पुरता’ असे शब्द येतात. ते कोणत्याही विषयात, कोणत्याही पुस्तकात भेटतात, पण घरी बोलण्यात फारसे येत नाहीत आणि शिक्षक ‘हे तर येत असेल’ म्हणून सोडून देतात. वेळ इथे घालवा.

मी आता आठवड्याला चार ते सहा शब्द घेते. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. हा शब्द पुढच्या महिन्याभरात मुलांना पुन्हा भेटेल का? मुलांना यामागची कल्पना आधीच माहीत आहे का, फक्त नाव नाही? हा शब्द आला तर त्यांना असं काही सांगता येईल का, जे आज सांगता येत नाही? तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर बाकीचे दोन मी सैल सोडते.

७. एक शब्द शिकवण्याचा पूर्ण क्रम

‘कचरणे’ हा शब्द मी कसा घेतला ते जसंच्या तसं सांगते.

गोष्टीत वाक्य होतं, ‘पूल ओलांडायला तो कचरत होता.’ वाक्य पुन्हा वाचलं. सगळ्यांनी शब्द मोठ्याने म्हटला, टाळ्यांवर तोडून म्हटला, क-चर-णे. शब्दाचा आवाज पक्का नसेल तर अर्थ कशाला चिकटणार? मग फळ्यावर लिहिला.

मग अर्थ, पण कोशातला नाही. कोशात ‘भिणे, मागेपुढे पाहणे’ असं काही मिळेल आणि पुन्हा ‘मी पालीला कचरतो’ अशी वाक्यं येतील. मी म्हटलं, ‘एखादी गोष्ट करायची तर असते, पण भीतीने किंवा संकोचाने पाऊल पुढे पडत नाही, तेव्हा माणूस कचरतो.’ ‘माणूस’, ‘तेव्हा’, ‘करायची असते’ असे आधार अर्थात ठेवले की शब्द कुठे बसतो ते मुलांना दिसतं.

मग गोष्टीच्या बाहेर पडायचं, कारण नाहीतर ‘कचरणे’ म्हणजे पुलावरचंच काहीतरी होऊन बसतं. भराभर प्रश्न: पहिल्यांदा पोहायला आलेला मुलगा पाण्यात उतरायला कचरेल का? मासा कचरेल का? ज्याला पाण्यात जायचंच नाही तो कचरतोय म्हणायचं का? या शेवटच्या प्रश्नावर वर्गात वाद झाला आणि तो मी मुद्दाम लांबू दिला. अर्ध्यांचं म्हणणं हो. मग एकाने सांगितलं, ‘नाही, त्याला जायचंच नाहीये, मग कचरणार कशाला?’ शब्दाची कड अशा वेळी दिसते. कुठे बसतो याबरोबर कुठे बसत नाही हेही कळायला हवं.

शेवटी प्रत्येकाने स्वतःबद्दल एक वाक्य सांगायचं. वर्गात एक मुलगी होती, वर्षभरात स्वतःहून फारशी बोललेली नव्हती. तिची पाळी आली तेव्हा ती खाली बघून म्हणाली, ‘मला उत्तर येत असतं, पण हात वर करायला मी कचरते.’

मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. त्या दिवसापासून मी हात वर करायच्या आधी मुलांना शेजाऱ्याशी बोलून घ्यायला एक मिनिट देते. तो शब्द तिच्याजवळ नसता तर हे मला कोणी सांगितलं नसतं.

वेळ साधारण बारा मिनिटं लागतात. चार शब्दांना चार दिवस, एका दिवशी चारही घेऊ नका.

८. शब्दांची नाती दाखवा

एक शब्द नीट आला की त्याच्या घरचे बाकीचे फार कष्टाविना येतात. ‘निर्जन’चा धडा मी पुढे असा सुधारला: जन म्हणजे माणसं, निर् म्हणजे नसलेलं. मग निर्भय, निर्दोष, निर्जीव मुलांनीच सोडवले. दप्तरात माणसं राहत नाहीत, म्हणून ते निर्जन होऊ शकत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ‘बे’ लावून बेसावध, बेपर्वा, बेजबाबदार. ‘पणा’ लावून शहाणपणा, वेंधळेपणा. फोडतो तेव्हा फुटतं, फाडतो तेव्हा फाटतं, तोडतो तेव्हा तुटतं, अशा जोड्या तर मुलं खेळासारख्या लावत बसतात.

सापळा: ‘बेडूक’ आणि ‘बेरीज’ यांतला ‘बे’ तो नव्हे. असे शब्द मुलं हमखास आणतात. नाकारू नका, ‘मग डूक म्हणजे काय?’ असं विचारा. ती स्वतःच तपासायला शिकतात.

९. उजळणी अंतराने करा

हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा अंतर ठेवून पाच वेळा भेट घडवलेली बरी. माझं वेळापत्रक: दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी.

शब्दांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या. दिवसातून एकदा एकाने चिठ्ठी काढायची आणि शब्द न उच्चारता बाकीच्यांना ओळखायला लावायचा. अर्थ विचारून झालेल्या चाचणीपेक्षा यात आठवणीला जास्त ताण पडतो आणि तोच हवा असतो. मी स्वतःही दिवसभर ते शब्द वापरते: ‘तात्पुरतं इथे ठेव’, ‘आज कोण टाळतंय गृहपाठ?’

नुसत्या वाचनातून शब्द येत नाहीत का? येतात, पण हळू. अनेक अभ्यास एकत्र करून १९९९ मध्ये काढलेला अंदाज असा आहे की वाचताना भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्के मुलांच्या पदरात पडतात. म्हणून वाचनही भरपूर हवं आणि थोडे शब्द नीट शिकवायलाही हवेत.

१०. स्क्रीनकडून किती अपेक्षा ठेवायची

दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन प्रकारे शिकवून बघितली गेली: समोर बसून, थेट व्हिडिओ कॉलवर आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून. सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या या अभ्यासात पहिल्या दोन प्रकारांत मुलं शिकली, तिसऱ्यात नाही. कॉलवरचा माणूस मुलाला उत्तर देतो, त्याच्यासाठी थांबतो. व्हिडिओ थांबत नाही. तेव्हा लांब राहणाऱ्या आजीशी कॉलवर गप्पा होऊ द्या. ‘शब्द शिकवणारे’ व्हिडिओ लावून तुम्ही कामाला गेलात तर त्यातून फार काही हाती लागत नाही. लावायचेच असतील तर शेजारी बसा आणि मध्ये थांबवून बोला.

११. घरात दोन भाषा असतील तर

दोन्ही बोला. शब्द मोजायचे झाले तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एकाच भाषेतले मोजले तर मूल विनाकारण मागे दिसतं. ‘पाणी द्या’ एका भाषेत आणि ‘चेंडू’ दुसऱ्या, अशी सरमिसळ झाली तर घाबरू नका. जी भाषा तुम्हाला मनापासून येते तिच्यात बोला. अडखळत बोललेल्या भाषेतून मुलाला शब्दही अडखळतच मिळतात.

१२. थांबायचं कधी आणि तपासायचं कधी

मुलांचा वेग फार वेगवेगळा असतो. समज बोलण्याच्या खूप पुढे असते. २०१२ च्या एका अभ्यासात सहा ते नऊ महिन्यांची बाळंही रोजचे काही शब्द ऐकून योग्य चित्राकडे बघताना दिसली. म्हणून वहीत दोन रकाने करा, ‘कळतो’ आणि ‘बोलतो’. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या यादीनुसार बहुतेक मुलं दीड वर्षापर्यंत आई-बाबांच्या हाकांखेरीज तीन किंवा अधिक शब्द बोलू बघतात, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडतात आणि अडीच वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द बोलतात. मूल यामागे असेल, हाकेला वळत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल किंवा येत असलेले शब्द हरवत असतील, तर वाट बघू नका.

माझ्या भाच्याच्या बाबतीत आम्ही वाट बघितली. ‘मुलगे उशिरा बोलतात’ असं घरातल्या प्रत्येकाने म्हटलं, मीही म्हटलं. सव्वादोन वर्षांचा झाल्यावर कानाची तपासणी झाली, तेव्हा कळलं की सततच्या सर्दीने त्याच्या मधल्या कानात पाणी साठलेलं होतं. त्याला आमचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत असणार. जन्मानंतरची तपासणी नीट आलेली होती, त्यामुळे कानाकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. उपचारानंतर काही आठवड्यांत तो शब्द उचलायला लागला.

तपासणीला जाताना बरोबर न्या: जन्मानंतरच्या ऐकण्याच्या तपासणीचा अहवाल, कानाचं किंवा सर्दीचं आधीचं औषधपत्र, मूल घरी मोकळेपणाने बोलत असतानाचं दोन-तीन मिनिटांचं चित्रण (दवाखान्यात ते गप्प बसेल) आणि ती छोटी वही. डॉक्टरांनी विचारलेल्या ‘किती शब्द बोलतो?’ या प्रश्नाला आपण सगळे घाईघाईत ‘बरेच’ म्हणतो. वही उघडून त्यांच्यासमोर ठेवा.